दगडावरची केशरी टोपी

१९९९ सालची ही गोष्ट. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे एरवी पडणारा पाऊसच पडला नाही. मका कमरेएवढा वाढून तसाच वाळला. मग सप्टेंबरात एका वादळाने सगळं पाणी दोन दिवसांत ओतलं, आणि ऑक्टोबर लागला तरी ओढा फुगलेलाच होता. हे एवढं लक्षात आहे, कारण आम्ही दर बुधवारी त्या ओढ्याच्या कडेने चालत असू.

तिथे पूर्वी रुळांचे दोन मार्ग होते. मी लहान असताना एकावरून दूध आणि पिठाची पोती दक्षिणेला जात आणि दुसऱ्यावरून रिकामे डबे परत येत. पुढे गाड्या बंद झाल्या. एक मार्ग उखडून त्या जागी डांबराची वाट केली, दुसरा तसाच ठेवला. पानांचे रंग बदलायला लागले की त्याच्यावरून हौशी लोकांची गाडी जाई, जुने डबे आणि धूर सोडणारं इंजिन असलेली. म्हणजे आम्ही चालत असू तेव्हा एका बाजूला दहा पावलांवर रूळ, दुसऱ्या बाजूला ओढा, पुढे कापणी झालेली शेतं, आणि शेवटी पार्क, बदकांच्या तळ्यासकट. शेफर्स क्रॉसिंगपासून पार्कपर्यंत सात मैल. पार्कात छपराखाली बसून थर्मासातलं कोंबडी-मक्याचं सूप प्यायचं, प्रेटझेलची कडक, खारी बिस्किटं मोडून त्यात बुडवायची, आणि आधीच तिथे आणून ठेवलेल्या गाड्यांनी घरी जायचं. आम्ही सगळे साठीच्या पुढचे. गावात आम्हाला ‘बुधवारवाले’ म्हणत.

बुधवारवाल्यांचे नियम फार नव्हते. पुढे कोणीही चालो, मागे मात्र एक ठरलेला माणूस असे. त्याला आम्ही शेपूट म्हणत असू. त्याच्या काठीला लाल रुमाल बांधलेला. शेपटाच्या मागे कोणी राहायचं नाही, आणि शेपटाने कोणाला सोडून पुढे जायचं नाही. आमच्या वयात कोणाला ना कोणाला झुडपाआड जावं लागतंच. तेव्हा जाणाऱ्याने आपली काठी नाहीतर टोपी वाटेच्या कडेला, दिसेल अशी ठेवायची. शेपूट तिथे आलं की ती वस्तू बघून थांबे, धनी बाहेर येऊन ती उचलेपर्यंत.

आणखी एक रीत होती, ती आमची नव्हे, सगळ्यांची. कोणाचा हातमोजा पडला, बाळाचं पायताण पडलं, तर मागून येणारा ते उचलून जवळच्या कुंपणावर किंवा रेल्वेच्या जुन्या मैलाच्या दगडावर ठेवून देई. ज्याचं असेल त्याला परतताना सापडे. या दोन रीती त्या वाटेवर इतकी वर्षं शेजारीशेजारी नांदल्या. कधी एकमेकींच्या पायात आल्या नाहीत.

क्लब निघाल्यापासून शेपूट होता एलवुड स्ट्रेयर. माझा शेजारी. चाळीस वर्षं त्याने दुधाचा ट्रक चालवला. आडवा बांधा, संथ चाल, आणि डोक्यावर पशुखाद्याच्या दुकानातून फुकट मिळालेली हिरवी टोपी. ती टोपी मैलभरावरून ओळखू यायची. पहिल्या हिवाळ्यात एकदा मी झुडपात गेले आणि माझ्या कोटाची चेन अडकली. बोटं गारठलेली, चेन काही हलेना. बाहेर आले तर एलवुड दगडाशी उभा, मिशीवर बर्फ.

“आत घर बांधत होतीस काय, आर्विला?” एवढंच तो म्हणाला. पुढची कित्येक वर्षं कोणीही झुडपातून बाहेर आलं की त्याला हे ऐकावं लागे.

मग ९७ साली एका बुधवारी तो काठी टेकत पार्कात आला, म्हणाला मागे कोणी नाही, आणि सूप प्यायला बसला. त्याच्यामागून बराच वेळाने दोघी बहिणी आल्या, रडवेल्या होऊन. त्यांच्या काठ्या वाटेवर ठेवलेल्या होत्या. तो त्या ओलांडून आला होता. कोणी त्याला बोललं नाही. त्याच आठवड्यात त्याची बायको एर्मा ही डेल रोहरबॉच्या दारात गेली, आणि पुढच्या बुधवारी लाल रुमालाची काठी डेलच्या हातात दिसली. एलवुडने काठीकडे पाहिलं, डेलकडे पाहिलं, आणि चालायला लागला.

डेल कागदाच्या गिरणीत मुकादम होता. निवृत्त झाला तरी त्याचा मुकादमपणा गेला नव्हता. सुपाच्या रांगेतसुद्धा लोकांना नीट उभं करी. एलवुड आणि तो शाळेपासूनचे. दोघांचं एकमेकांशी एक वाक्य सरळ बोलणं नाही.

“दूधवाल्या, पाय उचल. गायी तुझ्यापेक्षा भरभर चालतात.”

“गायींना मागून मुकादम ओरडत नाही, म्हणून चालतात.”

असं सात मैल चाले. एलवुडला सकाळचा नाश्ता आठवत नसे, पण डेलला उत्तर द्यायचं कधी चुकत नसे.

९९च्या ऑक्टोबरातल्या त्या बुधवारी एर्माने मला तिच्या गाडीत घेतलं. एलवुड मागे बसला होता. तिने डिक्कीतून एक नवी करकरीत टोपी काढली, भडक केशरी. हरणांच्या शिकारीचा मोसम जवळ आला की आमच्याकडे रानाकडेने जाणारे सगळे केशरी घालतात. पण एर्माचं कारण तेवढंच नव्हतं.

“ही कोणाची?” एलवुडने विचारलं.

“तुझी.”

“माझी हिरवी आहे.”

“हिरवी धुवायला टाकलीय. आज ही घाल. लांबून दिसशील.”

“लांबून कोणाला बघायचंय मला?” त्याने ती चुरगाळून कोटाच्या खिशात कोंबली आणि बोडक्यानेच खाली उतरला. एर्माने मान हलवली. माझ्याशिवाय ती टोपी कोणी पाहिली नाही. डेल तर तोवर आलाही नव्हता.

चालायला लागल्यावर एर्मा माझा दंड धरून भरभर पुढे आली. तिला बोलायचं होतं, आणि एलवुडसमोर बोलता येत नव्हतं. तो मागे डेलजवळ आहे, भांडण चालू आहे, हे आम्हाला ऐकू येत होतं.

“ग्वेनचा फोन आला होता,” एर्मा म्हणाली. ग्वेन त्यांची एकुलती एक मुलगी, तासाभराच्या अंतरावर राहायची. “टेकडीवरच्या वृद्धाश्रमात खोली रिकामी झालीय. शुक्रवारपर्यंत कळवायचंय.”

“तू काय म्हणालीस?”

“नाही म्हणाले. उन्हाळ्यात तो मायर्सच्या गॅरेजमध्ये सापडला ना, तेव्हापासून ती मागे लागलीय. म्हणते, आई, आता अजून एकदा हरवला की मी तुझं ऐकणार नाही. मी म्हटलं, बये, तुझा बाप दर बुधवारी सात मैल चालतो आणि जिथे पोचायचं तिथे पोचतो. हरवणारा माणूस असा चालेल काय?”

“मग?”

“मग काही नाही. रडायला लागली. मलाही रडायचं होतं, पण तिच्यासमोर रडले असते तर हरले असते.” तिने वाटेतली एक फांदी पायाने बाजूला केली. “तिकडे कुलूप असतं गं दाराला. आतल्या बाजूने उघडत नाही. पन्नास वर्षं ज्याला रस्त्यावर पाहिलं, त्याला कुलपात कसा ठेवू? बुधवार नीट जातोय तोवर मी हलणार नाही.”

तेव्हाच बारीक पाऊस सुरू झाला. आम्ही टोप्या ओढल्या आणि बोलत बोलत पुढे गेलो.

पार्कात पोचलो, सूप काढलं. एकेक जण येऊन बसत होता. सगळ्यात शेवटी तळ्याच्या वळणावर लाल रुमाल दिसला. डेल एकटाच येत होता.

एर्मा पळी हातात धरून उभी राहिली. “एलवुड कुठाय?”

“तुझ्याबरोबर ना?” डेल म्हणाला.

“माझ्याबरोबर? तुझ्याशी भांडत होता की.”

“ते जुन्या पुलापर्यंत. मग मला म्हणाला, तुझं तोंड बघून कंटाळा आला, मी एर्माकडे जातो. गेला पुढे. वळणावरून दिसेनासा झाला.”

पळीतलं सूप फरशीवर सांडत होतं. मी तिच्या हातातून पळी घेतली.

सगळे उठले. कोणी संडासात बघून आलं, कोणी तळ्याला फेरी मारली. एलवुड नव्हता. डेल फोन करायला पार्कच्या ऑफिसकडे निघाला तशी एर्माने त्याची बाही धरली.

“फोन नको.”

“नको म्हणजे? ओढा बघितलास का? आणि आज गाडी आहे रुळावर. तीनची परतीची यायचीय अजून.”

“ऑफिसातला माणूस पहिला फोन ग्वेनला करेल. त्यांच्याकडे नंबर तिचा आहे.”

“मग करू दे की.”

“डेल, तिने खोली धरून ठेवलीय. आज हा हरवला असं तिला कळलं, तर तो परवा कुलपात जाईल.”

डेलने रुमालाची काठी जमिनीवर आपटली. “आणि थंडीने मेला तर कुठे जाईल? ते सांग. मग काय सांगशील पोरीला, की मी त्याला कुलपातून वाचवलं?”

एर्माचा चेहरा पांढरा पडला होता, पण तिने बाही सोडली नाही. “मला अर्धा तास दे. अर्ध्या तासात नाही मिळाला तर या सगळ्यांनी फोन करावा. मी अडवणार नाही. तू फक्त आठव. वाटेत काय पाहिलंस?”

“काय पाहणार? सायकलवाले दोन. एक बाई कुत्रं घेऊन. क्रेब्सच्या शेतापाशी मैलाच्या दगडावर कोणाची तरी पडलेली टोपी ठेवली होती. बाकी माणूस नाही.”

“कसली टोपी?”

“कसली म्हणजे? टोपी. केशरी. नवी दिसत होती. पडली असेल कोणाची, ठेवली असेल उचलून कोणी.” एर्माकडे बघता बघता त्याचा आवाज बारीक झाला. “त्याची तर हिरवी आहे. एर्मा, त्याची हिरवीच आहे ना?”

एर्मा खाली बाकावर बसली आणि लगेच उठली. “गाडी कुठाय तुझी?”

डेलच्या ट्रकमध्ये आम्ही तिघं पुढच्याच सीटवर दाटीने बसलो. रस्ता त्या दगडापर्यंत जात नाही. सर्वांत जवळच्या फाटकापाशी ट्रक लावून पुढे दीड मैल चालायचं होतं. डेल वाटभर एकच वाक्य म्हणत होता. “मी थांबलो होतो. मी त्या दगडापाशी क्षणभर थांबलो होतो.”

डांबर ओलं, त्यावर पिवळी पानं चिकटलेली. ओढ्याचा आवाज एवढा मोठा की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. एर्मा दर थोड्या अंतरावर थांबून पाण्याकडे बघे. तपकिरी पाणी, त्यात फांद्या वाहत होत्या. मी तिला पुढे ओढी.

मग मागच्या फाटकावर इंजिनाची शिटी झाली. दोन लांब, एक आखूड, एक लांब. एर्मा पळायला लागली. सत्तरीची बाई, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली. आम्ही मागे. गाडी आम्हाला गाठून शेजारून गेली, खिडक्यांत मुलं, हात हलवत. आमच्याकडे गाडीला हात करायची सवय जन्माची. पळता पळता एर्माचा हात वर गेला, हलला, आणि खाली आला. शेवटचा डबा वळणाआड गेला. आम्ही कानात प्राण आणून ब्रेकचा आवाज येतो का ते ऐकत होतो. आला नाही.

वळण ओलांडलं आणि तो दिसला.

मैलाच्या दगडापाशी उभा होता, बोडका, आमच्याकडे पाठ. दवाखान्याच्या दाराबाहेर उभं राहतात तसे हात पुढे बांधलेले, तोंड झुडपांकडे. केस कपाळाला चिकटले होते. दगडावर केशरी टोपी, पावसाने गडद झालेली.

“एलवुड,” एर्मा म्हणाली. तिला धाप लागली होती. “चल.”

त्याने बोट ओठावर ठेवलं. “थांब जरा.”

“कशाला?”

“आत कोणीतरी गेलंय. टोपी आहे बघ.”

आम्ही तिघंही टोपीकडे बघत राहिलो.

“अरे, ती टोपी तुझी आहे,” एर्मा म्हणाली.

“माझी हिरवी आहे.” त्याचे ओठ निळे पडले होते, दात वाजत होते, पण आवाज शांत होता. “कधीचा गेलाय तो. बरं वाटत नसेल. मी मघाशी हाक मारली दोनदा.”

“आत कोणी नाही रे. तूच गेला होतास. तूच टोपी ठेवलीस आणि गेलास.”

“मी कशाला जाईन? मी शेपूट आहे. त्याला सोडून कसा येऊ?”

एर्माने हात पुढे करून टोपी उचलली. त्याने तिचं मनगट पकडलं. उभ्या आयुष्यात त्या माणसाने तिच्यावर हात उगारणं तर सोडाच, आवाजही चढवला नव्हता. त्या दिवशी त्याने मनगट असं धरलं की तिच्या हातातून टोपी परत दगडावर पडली.

“ठेवा ती,” तो म्हणाला. “उचलली तर तो बाहेर आल्यावर त्याला कळणार कसं की कोणी थांबलं होतं?” मग त्याने हात सोडला आणि ओशाळून तिच्याकडे पाहिलं. “माफ करा, बाई. तुम्ही भिजताय. तुम्ही पुढे व्हा. पार्कात सूप असतं.”

एर्मा मनगट चोळत उभी राहिली. मला वाटलं ती आता रडेल, पण ती रडली नाही. ती त्याच्याकडे नीट बघत होती, पहिल्यांदाच बघावं तसं.

तेवढ्यात डेलने रुमालाची काठी माझ्या हातात दिली. आम्ही आलो होतो त्या दिशेने थोडा मागे गेला, खळगा ओलांडून झुडपात शिरला. फांद्या मोडल्याचा आवाज आला, एकदा चिखलात घसरल्याचाही आला. एलवुडने कान टवकारले.

“ऐकलंत?” तो मला म्हणाला. “मी सांगत नव्हतो?”

दगडासमोरची झुडपं हलली आणि डेल बाहेर आला. गुडघ्यापर्यंत चिखल, गालावर ओरखडा, पट्टा आवळत येत होता. तो सरळ दगडापाशी आला, टोपी उचलली, झटकली आणि डोक्यावर घातली. त्याच्या डोक्याला ती लहान होत होती.

“माफ कर, एलवुड,” तो म्हणाला. “पोट बिघडलं होतं.”

एलवुडने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. किती वेळ पाहिलं कोण जाणे. मग त्याचा चेहरा सैल झाला.

“आत घर बांधत होतास काय?”

“छप्पर तेवढं राहिलं,” डेल म्हणाला.

“गाडी येऊन गेली दोनदा. मुकादम म्हणे. तुझ्या गिरणीत असं कोणी बसलं असतं तर तू त्याचा पगार कापला असतास.”

“कापला असता,” डेल म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, म्हणून त्याने टोपी आणखी खाली ओढली.

“मागे कोणी नाही ना आता?”

“कोणी नाही.”

एलवुडने स्वतः वळून पाहिलं, एकदा, आणि परत एकदा. मग माझ्या हातातून काठी घेतली. “मग चला.”

मी माझा कोट काढून त्याच्या खांद्यावर टाकला, तो त्याने टाकू दिला. पण मागे चालायला कोणाला दिलं नाही. एर्मा जरा रेंगाळली की तो थांबे आणि काठीने पुढे जायची खूण करी. तेव्हा आम्हाला त्याच्या पुढेच चालावं लागलं, त्याच्याकडे पाठ करून. काठीचा डांबरावर टकटक आवाज येत होता तोवर ठीक होतं. आवाज थांबला की आमची पावलं थांबत. डेल मोठ्या आवाजात गिरणीच्या गोष्टी सांगत होता, एलवुडला खोटं वाटेल अशा, म्हणजे तो मागून उत्तर देत राहील.

एर्मा माझ्या कानाशी बोलली. “मी ग्वेनला सांगत होते, त्याला वाट आठवते. आठवतेच. नियमही आठवतो. तो इतका वेळ स्वतःचीच वाट बघत होता, आर्विला. मी नसते आले तर रात्रभर बघत बसला असता.”

मी म्हटलं, “आज घडलं एकदा.”

“नाही,” ती म्हणाली. “मला खोटं सांगू नको. मी स्वतःला पुष्कळ सांगितलंय.”

ट्रक घेऊन पार्कात पोचलो तेव्हा अर्धा तास कधीच उलटला होता, पण कोणी फोन केला नव्हता. सगळे छपराखाली उभे होते आणि एकमेकांवर ढकलत होते. एलवुडला दोन ब्लँकेटांत गुंडाळलं, हातात सूप दिलं. डेल त्याच्या शेजारी बसला.

“कोणाची रे ती टोपी?” एलवुडने विचारलं.

“माझी.”

“शोभत नाही तुला.”

एर्मा ऑफिसकडे गेली. मी दाराबाहेर उभी राहिले. आत तिने नंबर फिरवला आणि म्हणाली, “ग्वेन, मी बोलतेय. नाही, तो बरा आहे, समोर बसून सूप पितोय. ऐक. शुक्रवारपर्यंत थांबू नको. आजच कळव त्यांना.” पलीकडून ग्वेन काहीतरी विचारत असावी. एर्मा म्हणाली, “नाही, हरवला नाही तो. तू आधी कळव, मग सांगते.”

एलवुड नोव्हेंबरात टेकडीवर गेला. जाताना त्याने हिरवी टोपी घातली होती. चार वर्षं तो तिथे होता. जेवणाच्या वेळी तो सगळ्यांत मागे उभा राही, आणि कितीही आग्रह केला तरी सगळे आत गेल्याशिवाय आत जात नसे. तिथे काम करणाऱ्या पोरींना हे कळायला महिना लागला. मग त्यांच्यातली एक रोज शेवटी येऊन त्याला सांगू लागली, “मागे कोणी नाही, मिस्टर स्ट्रेयर,” आणि तो जेवायला बसे. २००३च्या हिवाळ्यात तो न्यूमोनियाने गेला.

एर्मा रोज त्याला भेटायला जाई. काही दिवस ती त्याला ‘बाई’ असे, काही दिवस बायको. बुधवारी ती आमच्याबरोबर चालत असे आणि मग तिकडे जाई. तो गेल्यावर मात्र ती वाटेवर आली नाही. आठ वर्षांनी गेली, झोपेत, माझ्या शेजारच्याच घरात.

ग्वेनने ते घर विकलं नाही. नोकरी संपल्यावर तीच राहायला आली. एकदा कुंपणापाशी तिने मला विचारलं, “त्या दिवशी आई मला एवढी घाई का करत होती? तिने शेवटपर्यंत नीट सांगितलं नाही.” मी तिला सगळं सांगितलं, दगड, टोपी, मनगट. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “मला इतकी वर्षं वाटत होतं, मीच हट्ट करून तिला हरवलं.” त्यानंतर ती कधी त्या विषयावर बोलली नाही, पण हिवाळ्यात माझ्या दारातला बर्फ तीच काढते.

डेलने पुन्हा कधी लाल रुमालाची काठी हातात घेतली नाही. त्याने बुधवारवाल्यांचा नियम बदलून घेतला. वस्तू कडेला किंवा दगडावर नाही, वाटेच्या बरोबर मध्ये ठेवायची, म्हणजे शेपटाला ती ओलांडल्याशिवाय जाता येऊ नये. सायकलवाले चिडतात, पण नियम अजून तोच आहे. केशरी टोपी तो मरेपर्यंत घालत होता, ऐन उन्हाळ्यातसुद्धा. ती अखेरपर्यंत त्याला लहानच होती. त्याच्यामागे ती कुठे गेली ते मला माहीत नाही.

मी आता शेफर्स क्रॉसिंगपासून पहिल्या बाकापर्यंत जाते आणि परत येते. शरदात गाडी अजून धावते, मी हात करते. कधीमधी दगडावर कोणाचा हातमोजा नाहीतर लहान मुलाचा मोजा ठेवलेला असतो. पडलेला असणार, हे मला माहीत असतं. तरी मी जरा थांबते, झुडपांकडे तोंड करून हाक मारते, कोणी ओ देत नाही असं पाहते, आणि मगच पुढे होते.